साक्षीदाराच्या आडून : मराठी कथनातील पुरुषप्रेम आणि ‘साबर बोंडं’

१

पुरुषाच्या पुरुषावरील प्रेमाची कथा मराठीत कोणी सांगायची, हा प्रश्न त्या प्रेमाला समाजाची मान्यता आहे की नाही या प्रश्नाहून वेगळा आहे. निषिद्ध प्रेमाचा इतिहास सामान्यतः कायदा, खटले, निदर्शने आणि निकाल यांच्या क्रमाने लिहिला जातो. तो आवश्यकच आहे. परंतु निषेधाचे कार्य केवळ न्यायालयात आणि रस्त्यावर चालत नाही, ते कथनाच्या रचनेतही चालते. एखादे प्रेम सांगितले जाते, पण ते ज्यांचे आहे त्यांच्या तोंडून नव्हे, तर ते पाहणाऱ्याच्या तोंडून, अशी व्यवस्था एखाद्या भाषेच्या साहित्यात दीर्घकाळ टिकून राहिली असेल, तर तिला योगायोग म्हणता येत नाही.

या प्रश्नाकडे नव्याने पाहण्याचे निमित्त रोहन परशुराम कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ या चित्रपटाने दिले आहे. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात या मराठी चित्रपटाला जागतिक चित्रपट विभागातील कथापटांसाठीचे ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळाले आणि १९ सप्टेंबर २०२५ रोजी तो भारतात प्रदर्शित झाला. त्याची चर्चा पुष्कळशी त्याच्या ‘पहिलेपणा’भोवती झाली : त्या महोत्सवात पोहोचलेला पहिला मराठी चित्रपट, ग्रामीण भागातील दोन पुरुषांच्या प्रेमाविषयीचा मराठी चित्रपट, इत्यादी. पहिलेपणाची ही भाषा कृतीला तिच्या पूर्वपीठिकेपासून तोडते. ‘साबर बोंडं’चे महत्त्व समजून घ्यायचे तर त्याआधीच्या मराठी कथनांनी याच प्रेमासाठी कोणकोणते निवेदक शोधले, हे पाहावे लागते.

त्याआधी एक व्याकरणिक बाब नोंदवावयास हवी. मराठी क्रियापद बोलणाऱ्याचे आणि ऐकणाऱ्याचे लिंग सहसा उघड करते. ‘मी गेलो’, ‘मी गेले’. ‘तू आलास’, ‘तू आलीस’. ‘मला तू आवडतोस’, ‘मला तू आवडतेस’. ‘माझे तुझ्यावर प्रेम आहे’ असे एखादे वाक्य लिंगनिरपेक्ष राहू शकते, आणि ‘मी येईन’, ‘तू येशील’ या भविष्यकालीन रूपांतही लिंग दिसत नाही. परंतु कथा भविष्यकाळात सांगता येत नाही. ती भूतकाळ मागते, आणि भूतकाळात आल्याबरोबर ‘कोण कोणाकडे गेला’ हे क्रियापदाचा प्रत्ययच सांगून टाकतो. पुरुषाने पुरुषाला उद्देशून केलेले प्रेमकथन मराठीत संदिग्ध राहू शकत नाही. ते एक तर उघड होते, नाही तर कोणाच्या तरी आडून करावे लागते.

२

ही अडचण इंग्रजीला नाही. इंग्रजीतील ‘मी’ आणि ‘तू’ या दोघांनाही लिंग नाही, त्यांच्या क्रियापदांनाही नाही. त्या भाषेतील प्रेमगीत कोणी कोणासाठी गायिले हे शब्दांवरून ठरवता येत नाही. महाराष्ट्रात हे दोन भाषाव्यवहार किती जवळजवळ नांदले, याचे चांगले उदाहरण सातारा जिल्ह्यातील वाई आणि पाचगणी ही जोडी होय. पसरणीच्या घाटाच्या पायथ्याशी कृष्णाकाठची वाई : प्राज्ञपाठशाळेचे, ‘नवभारत’ मासिकाचे आणि लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली १९७६ पासून प्रकाशित होऊ लागलेल्या मराठी विश्वकोशाचे गाव. घाटमाथ्यावर पाचगणी : १८६० च्या दशकात जॉन चेसन याने वसवलेले, सिल्व्हर ओकच्या झाडांचे, आरोग्यधामांचे आणि इंग्रजी निवासी शाळांचे गाव. खाली आधुनिक ज्ञानासाठी मराठी संज्ञा घडत होत्या. वर, दहा-बारा किलोमीटरांवर, मुलगे वर्षाचा बहुतेक काळ घरापासून दूर, इंग्रजीत वाढत होते.

त्या मुलांपैकी एक फारुख बलसारा होता. झांझिबारमध्ये १९४६ साली पारशी कुटुंबात जन्मलेला हा मुलगा १९५० च्या दशकात पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत होता. तेथेच त्याने शाळासोबत्यांसह ‘द हेक्टिक्स’ हा वाद्यवृंद उभारला, आणि पुढे फ्रेडी मर्क्युरी या नावाने तो जगाला माहीत झाला. त्याच्या शालेय वर्षांवरून त्याच्या पुढील आयुष्याविषयी अनुमाने काढण्याचे येथे प्रयोजन नाही. लक्षणीय आहे ते त्याच्यावरील २०१८ च्या ‘बोहेमियन रॅप्सडी’ या चित्रपटाचे कथन. त्यात पाचगणी दिसत नाही, हे एक. दुसरे अधिक महत्त्वाचे : नायकाच्या पुरुषांविषयीच्या ओढीचा निर्णायक उच्चार एखाद्या पुरुषासमोर होत नाही, तो मेरी ऑस्टिन या त्याच्या मैत्रिणीसमोर होतो, आणि जे नायक अर्धवट बोलतो त्याला स्पष्ट नाव तीच देते. लिंगनिरपेक्ष ‘मी-तू’ हाताशी असलेल्या भाषेतही चित्रपटाला साक्षीदार स्त्री लागली.

म्हणजे व्याकरण हे एकमेव कारण नव्हे. याची साक्ष इ. एम. फॉर्स्टर यांच्या उदाहरणातही मिळते. ‘मॉरिस’ ही दोन पुरुषांच्या प्रेमाची कादंबरी त्यांनी १९१३-१४ मध्ये लिहिली; ती प्रसिद्ध झाली १९७१ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. मधल्या काळात, १९२१ साली, ते देवासच्या थोरल्या पातीच्या मराठा दरबारात तुकोजीराव पवार यांचे खाजगी चिटणीस होते. या कथेचा शेवट सुखान्तच हवा, हा त्यांचा आग्रह होता. ज्या समाजात असे प्रेम गुन्हा होते तेथे नायकाच्या आत्महत्येने संपणारी कथा छापणे तुलनेने सोपे गेले असते, याची त्यांना जाणीव होती. मुंबईत जन्मलेले इस्माईल मर्चंट आणि दिग्दर्शक जेम्स आयव्हरी यांनी १९८७ मध्ये ‘मॉरिस’ पडद्यावर आणला. इंग्रजीत अडसर कायद्याचा आणि प्रकाशनाचा होता. मराठीत कायदा तोच होता. त्यात क्रियापदाची भर पडली.

३

मराठीने या अडसरावर शोधलेला सर्वांत जुना उपाय म्हणजे बोलणाऱ्याचे लिंग बदलणे. ज्ञानदेवांच्या नावावरील विराण्या आणि एकनाथांच्या गौळणी यांत पुरुष कवी स्त्रीरूपी क्रियापदे धारण करून कृष्णाला वा विठ्ठलाला उद्देशून विरह बोलतो. या रचनांना समलिंगी प्रेमाची कविता म्हणणे इतिहासदृष्ट्या अनुचित ठरेल. त्यांची भूमी भक्तीची आहे आणि जीवात्मा-परमात्मा या संबंधाचे रूपक त्यांना आधार देते. तरीही एक बाब उरते. पुरुषाच्या मुखातून पुरुषरूपी आलंबनाविषयी उत्कट भाव व्यक्त करायचा तर ‘मी’चा प्रत्यय बदलावा लागतो, हा संकेत मराठी भाषकाच्या कानाला शतकानुशतके परिचयाचा झाला.

रंगभूमीने हाच संकेत देहाच्या पातळीवर आणला. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले तेव्हापासून स्त्रीभूमिका पुरुषांकडेच राहिल्या, आणि संगीत नाटकाच्या काळात बालगंधर्वांनी (१८८८-१९६७) त्या भूमिकांना सौंदर्याचा मानदंड बनवले. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या ‘मानापमाना’च्या संयुक्त प्रयोगात केशवराव भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी होते. दोन पुरुष नट प्रणयी युगुल म्हणून उभे होते आणि त्यांना पाहण्यासाठी मुंबईने गर्दी केली होती. हे दृश्य निषिद्ध ठरले नाही, कारण भामिनीचे क्रियापद स्त्रीलिंगी होते. प्रेक्षकाने देह पुरुषाचा आहे हे जाणले आणि व्याकरण स्त्रीचे आहे हे मानले. या जाणण्या-मानण्यातील अंतरात जो आस्वाद होता त्याची मीमांसा मराठी समीक्षेने फारशी केलेली नाही. तिने नटाचे कौशल्य, गायकी आणि वेशभूषा यांवर लिहिले, आस्वादकाच्या नजरेवर क्वचितच.

४

विसाव्या शतकात या विषयाला दुसरी एक भाषा मिळाली : प्रश्नोत्तरांची. रघुनाथ धोंडो कर्वे यांचे ‘समाजस्वास्थ्य’ १९२७ ते १९५३ या काळात निघाले. वाचकांच्या कामविषयक प्रश्नांना त्यात उत्तरे दिली जात, आणि समलिंगी संबंध हा विषय त्यांत येई. अशाच प्रश्नोत्तरांवरून १९३४ मध्ये कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांची बाजू मांडली, तरी कर्वे यांना दंड झाला. ज्या भाषेत या विषयाचे शास्त्रीय निवेदनही दंडपात्र ठरते, तिच्यात त्याचे प्रेमकथन होण्याची शक्यता किती अल्प होती हे यावरून दिसते.

परंतु या टप्प्याची खरी मर्यादा खटल्यात नाही. ‘समाजस्वास्थ्य’ने हा विषय पापाच्या कोटीतून काढून आरोग्याच्या आणि विवेकाच्या कोटीत आणला, हे त्याचे ऐतिहासिक कार्य. मात्र त्या कोटीत ‘मी’ हा शंका विचारणारा असतो आणि उत्तर देणारा तज्ज्ञ असतो. ‘तू’ म्हणून ज्याच्यावर प्रेम करावे असा कोणी त्यात नसतो. पुढे एड्सच्या संदर्भात निर्माण झालेल्या आरोग्यविषयक लेखनातही हीच रचना पुन्हा दिसते. अशोक राव कवी यांनी १९९० मध्ये मुंबईत ‘बॉम्बे दोस्त’ सुरू केले आणि १९९४ मध्ये हमसफर ट्रस्ट उभा राहिला. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट स्थापन केला. या कार्याने व्यक्तींना आधार आणि नावे दिली. साहित्याला मात्र अद्याप निवेदक शोधायचा होता.

५

तो निवेदक साक्षीदाराच्या रूपाने आला. विजय तेंडुलकर यांचे ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक १९८१ मध्ये रंगभूमीवर आले. त्यातील सुमित्रा स्त्रीवर प्रेम करते. परंतु गोष्ट सांगतो बापू, तिचा मित्र. शीर्षकातच कथनाची व्यवस्था आहे : गोष्ट एकीची आणि ती सांगणारा दुसरा. बापू सहृदय आहे, आणि त्याची सहृदयता हीच नाटकाची नैतिक भूमी आहे. परंतु सुमित्राचे प्रेम प्रेक्षकापर्यंत पोहोचते ते बापूच्या आकलनाच्या मापाने. पुढच्याच वर्षी आलेल्या जब्बार पटेल यांच्या ‘उंबरठा’ (१९८२) या चित्रपटात महिला सुधारगृहातील दोन स्त्रियांच्या संबंधाचा प्रसंग येतो, तोही अधीक्षिकेच्या आणि व्यवस्थापनाच्या नजरेतून, शिस्तीचा प्रश्न म्हणून.

पुरुषप्रेमाच्या कथनांत साक्षीदाराची ही जागा विशेषतः स्त्रियांनी घेतली. चेतन दातार यांच्या ‘एक माधवबाग’ या एकपात्री नाटकात ती आई आहे. ओनीर यांच्या ‘माय ब्रदर निखिल’ (२००५) या गोव्यात घडणाऱ्या हिंदी चित्रपटात प्रमुख निवेदन बहिणीचे आहे. अमोल पालेकर यांच्या ‘थांग’ (२००६) या चित्रपटात, जो ‘क्वेस्ट’ या नावाने इंग्रजीतही झाला, ती पत्नी आहे : मृणाल कुलकर्णी यांनी साकारलेली ही स्त्री नवऱ्याच्या पुरुषाशी असलेल्या संबंधाचा उलगडा झाल्यावर स्वतःच्या संसाराची थांग शोधते.

या कृतींचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. १९९८ मध्ये ‘फायर’ या चित्रपटाच्या वेळी मुंबईतील चित्रपटगृहांवर हल्ले झाले होते; भारतीय दंड संहितेचे १८६० चे ३७७ वे कलम लागू होते. अशा काळात आई, बहीण आणि पत्नी या कुटुंबमान्य आवाजांनी ही कथा मराठी मध्यमवर्गीय प्रेक्षकाच्या घरात नेली, आणि प्रेक्षकाला स्वतःसाठी एक जागा मिळाली : समजून घेणाऱ्याची जागा. ‘थांग’सारखी कृती तर या व्यवस्थेत स्त्रीवर होणारा अन्यायही पुढे आणते, जो केवळ प्रियकरांच्या बाजूने सांगितलेल्या कथेत सहज विसरला जातो.

तरीही या रचनेची किंमत मोजावी लागली. साक्षीदाराच्या कथनात प्रेम ही घटना नसते, त्याचा उलगडा ही घटना असते. कथानकाचा उत्कर्षबिंदू दोन पुरुषांमधील कोणत्याही क्षणात नसतो. तो आईला, बहिणीला, पत्नीला कळण्याच्या क्षणात असतो. दोघे पुरुष एकमेकांशी काय बोलतात, हा प्रश्न अशा कथनाला पडतच नाही, कारण तेथे साक्षीदार हजर नसतो. निषेध येथे मौनाच्या रूपाने नव्हे, तर सहानुभूतीच्या रूपाने आपले काम करतो.

६

ही रचना मोडण्याचा प्रारंभ गद्याने केला. बिंदुमाधव खिरे यांच्या ‘पार्टनर’ (२००५) या कादंबरीने तरुण नायकाला केंद्रस्थानी आणले. पाठोपाठ सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्ल्यू’ (मौज प्रकाशन, २००६) आली. पुण्यातील एका घरात भाड्याने राहायला आलेल्या निनावी तरुणावर त्या घरातील तनय आणि अनुजा हे बहीणभाऊ दोघेही प्रेम करतात, आणि तो निघून जातो. कादंबरीचे दोन भाग ही दोघांची स्वतंत्र निवेदने आहेत. येथे बहीण आहे, परंतु ती भावाच्या प्रेमाची साक्षीदार नाही. तिला स्वतःचे प्रेम आणि स्वतःचे निवेदन आहे. तनयचे निवेदन निघून गेलेल्या प्रियकराला उद्देशून आहे. पुरुषाचा ‘मी’ पुरुषाच्या ‘तू’शी पुल्लिंगी क्रियापदांत, कोणताही मुखवटा न घेता, कादंबरीच्या अर्ध्या भागभर बोलतो. मराठी कथनाच्या इतिहासात ही गोष्ट त्या पुस्तकाच्या विषयाहून अधिक महत्त्वाची आहे.

परंतु तो ‘तू’ गैरहजर आहे. त्याला नाव नाही, आणि उत्तरही नाही. जेरी पिंटो यांनी २०१३ मध्ये केलेल्या इंग्रजी अनुवादात हा ‘तू’ अपरिहार्यपणे लिंगनिरपेक्ष सर्वनामात उतरतो, आणि मराठीतील प्रत्येक क्रियापदाने केलेला उच्चार तेथे पुसट होतो. कादंबरीवरील २०२२ च्या चित्रपटात तर ही कथा केरळात गेली आणि हिंदी-इंग्रजीत बोलू लागली. मराठी पडद्याला अद्याप दोन पुरुषांचे मराठी संभाषण मिळायचे होते.

‘साबर बोंडं’ची रचना या पार्श्वभूमीवर पाहावयास हवी. मुंबईत राहणारा तिशीतील आनंद वडिलांच्या मृत्यूनंतर दहा दिवसांच्या दुखवट्यासाठी आईबरोबर गावी येतो. तेथे बाल्या हा त्याचा बालपणीचा सोबती आहे : शेतकरी, आणि लग्न टाळत राहिलेला. कानवडे यांनी स्वतःच्या वडिलांच्या मृत्यूनंतर गावी काढलेल्या दुखवट्याच्या दिवसांतून ही कल्पना सुचल्याचे सांगितले आहे. याआधीच्या ‘उ उषाचा’ (२०१९) या लघुपटातही त्यांनी शेतमजूर स्त्रीच्या शिक्षिकेविषयीच्या ओढीची कथा ग्रामीण परिसरातच मांडली होती.

या चित्रपटात साक्षीदार आहे, परंतु तिचे कार्य संपलेले आहे. आनंदच्या आईला, जयश्री जगताप यांनी साकारलेल्या सुमनला, मुलाविषयी आधीच ठाऊक आहे. उलगड्याचा प्रसंग कथानकाच्या आरंभापूर्वीच घडून गेला आहे, त्यामुळे चित्रपटाला तो उत्कर्षबिंदू म्हणून वापरता येत नाही, आणि मोकळी झालेली जागा भूषण मनोज आणि सूरज सुमन यांच्या आनंद आणि बाल्याला मिळते. दोघांची ओळख लहानपणची असल्याने अरे-तुरेची भाषा त्यांना आयती मिळते. गावात कोणीही दोन सोबती ज्या ‘तू’ने बोलतात त्याच ‘तू’ने ते बोलतात. ज्या पुल्लिंगी क्रियापदाने आजवर हे प्रेम उघडे पाडले असते, तेच क्रियापद येथे मैत्रीच्या रोजच्या बोलण्यात मिसळून जाते. पार्श्वसंगीताचा आधार न घेतल्यामुळे हे बोलणे, आणि त्यातील थांबणे, प्रेक्षकाला ऐकावे लागते.

दुसरी रचनात्मक निवड सुतकाची. काय खावे, कसे राहावे, कोणाकडे जाऊ नये याचे नियम घालून देणारा हा काळ स्वतःच निषेधांची एक व्यवस्था आहे, आणि नातेवाईकांची गर्दी ही त्या व्यवस्थेची पहारेकरी आहे. आनंदच्या लग्नाचा प्रश्न याच गर्दीत पुन्हा पुन्हा निघतो. येथे प्रेम निषिद्ध आहे असे कोणी उच्चारीत नाही. ‘लग्न कधी’ एवढेच विचारले जाते. मराठी कुटुंबव्यवस्थेत निषेधाचे नेहमीचे व्याकरण हेच आहे : ते आज्ञार्थी नसते, प्रश्नार्थी असते. आणि ज्या काळात सर्वांच्याच नित्य व्यवहारांवर बंधने आहेत, त्या काळात रानात दोघांनी एकत्र काढलेला वेळ कोणाच्या डोळ्यांत येत नाही. सुतकाचा दूर ठेवणारा नियम नकळत त्यांना जवळ येण्यास अवकाश देतो.

भूदृश्याच्या बाबतीतही येथे एक बदल झाला आहे. लोकप्रिय चित्रपटाने प्रणयासाठी थंड हवेची ठिकाणे निवडली. पाचगणीचे टेबललँड हे अशा चित्रीकरणाच्या सरावाचे स्थळ आहे. तेथे प्रेमी युगुल गावापासून आणि नात्यांपासून दूर, उंचावर नेले जाते. ‘साबर बोंडं’मधील प्रेमिक उंचावर जात नाहीत. काटेरी निवडुंगाचे जे फळ चित्रपटाला नाव देते, ते खडकाळ माळावरचे, हात जपून तोडायचे फळ आहे. प्रेमाला नात्यांबाहेर नेऊन मुक्त करण्याऐवजी हा चित्रपट ते नात्यांच्या मधोमध, घराच्या आणि रानाच्या वाटेवर ठेवतो.

७

यावर एक आक्षेप संभवतो. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी सज्ञान व्यक्तींमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले. त्यानंतरच्या कृतीत साक्षीदाराची गरज उरली नाही, तर त्यात नवल ते काय? हा आक्षेप अर्धाच खरा आहे. ‘कोबाल्ट ब्ल्यू’मधील तनयने पुल्लिंगी ‘तू’ला हाक मारली तेव्हा ३७७ वे कलम पूर्णपणे लागू होते, २००९ चा दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल आणि २०१३ मधील त्याचा विपर्यय दोन्ही अजून दूर होते. कथनाने कायद्याची वाट पाहिली नाही. उलट, कायदा बदलल्यानंतरही १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने समलिंगी जोडप्यांना विवाहाचा हक्क नाकारला. म्हणजे असे जोडपे आज गुन्हेगार नाही, परंतु नातेवाईकही नाही. कोणाच्या मृत्यूचे सुतक कोणाला लागते, हे ठरवणाऱ्या नात्यांच्या यादीत त्यांना एकमेकांसाठी स्थान नाही. दुखवट्याच्या घरात ही प्रेमकथा घडवण्याचा अर्थ या ठिकाणी सर्वाधिक गंभीर होतो : ज्या विधीत आनंद पुत्र म्हणून केंद्रस्थानी आहे, त्याच विधीत बाल्या त्याचा कोणी म्हणून कधीही उभा राहू शकणार नाही.

मराठीला ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन अनेकवचनी प्रथमपुरुष आहेत. पहिला ऐकणाऱ्याला वगळतो, दुसरा त्याला सामावून घेतो. साक्षीदाराची कथा ‘तो’ आणि ‘ते’ यांची होती, तनयचे निवेदन ‘मी’ आणि अनुपस्थित ‘तू’ यांचे. आनंद आणि बाल्या यांच्यापाशी ‘आपण’ आले आहे, परंतु ते दोघांतच, रानातच उच्चारता येते. घरात परतल्यावर ते पुन्हा दोन सोबती होतात. मराठी समीक्षेपुढे यातून एक काम उभे राहते. विराणीपासून संगीत नाटकापर्यंत आणि ‘समाजस्वास्थ्य’पासून ‘थांग’पर्यंतच्या संहिता त्यांत समलिंगी आशय ‘आहे की नाही’ एवढ्याच चौकशीने वाचणे आता पुरेसे नाही. प्रत्येक संहितेत कोणाला कोणाशी कोणत्या प्रत्ययात बोलण्याची मुभा आहे, आणि ती मुभा कोणाच्या उपस्थितीवर अवलंबून आहे, हे तपासावे लागेल. त्या तपासणीत निषेधाचा जो इतिहास हाती येईल तो न्यायालयीन निकालांच्या इतिहासाशी सर्वत्र जुळेलच असे नाही.